लेख पाठवल्यानंतर: विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नियतकालिकाचे कामकाज

विद्यार्थ्यांनी लिहिलेले, त्यांनीच निवडलेले व संपादित केलेले आणि कागदाऐवजी संकेतस्थळावर प्रसिद्ध होणारे नियतकालिक म्हणजे विद्यार्थ्यांचे ऑनलाइन नियतकालिक. मराठी मुलखात त्याची वंशावळ जुनी आहे. शाळेतले हस्तलिखित, विभागाबाहेरच्या काचफलकात लागणारे भित्तिपत्रक आणि महाविद्यालयाचा छापील वार्षिकांक ही त्याची आधीची रूपे. वार्षिकांकाचा मान आजही टिकून आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांसारखी विद्यापीठे महाविद्यालयीन नियतकालिकांच्या स्पर्धा घेत आली आहेत. पण वार्षिकांकाला एक दुखणे कायमचे चिकटलेले आहे. लेख वर्षाच्या सुरुवातीला मागवले जातात आणि अंक निघतो तो परीक्षांच्या तोंडावर किंवा त्यानंतर. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या हाती स्वतःचा छापील लेख पडेपर्यंत तिचे महाविद्यालय सुटलेले असते. लेख कुणी वाचला, कुणाला काय खटकले, हे तिला कधी कळतच नाही.

ऑनलाइन नियतकालिकामुळे हे दुखणे दूर होऊ शकते. आपोआप मात्र होत नाही. छापील अंकाची पीडीएफ करून ती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवली की काम झाले, असा समज बराच रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. स्कॅन केलेली दोनशे पानांची पीडीएफ मोबाइलवर धड वाचता येत नाही, तिच्यातला एकच लेख मैत्रिणीला पाठवता येत नाही आणि पाने चित्ररूप असल्याने त्यातला मजकूर शोधातही सहसा सापडत नाही. प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान, स्वतंत्र दुवा, लेखकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख असणे ही किमान अट आहे. मुंबईच्या आयआयटीत विद्यार्थी चालवत असलेले ‘इनसाइट’ हे माध्यम संस्थेतल्या प्रश्नांवरचे लेख असेच सुटे सुटे प्रसिद्ध करते. त्याची भाषा मात्र मुख्यत्वे इंग्रजी आहे. मराठीत असे काही उभे करायचे तर काय काय करावे लागते, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गरज संपादक मंडळाची. एक मार्गदर्शक प्राध्यापक, एक विद्यार्थी संपादक, दोन-तीन सहसंपादक, एक मुद्रितशोधक आणि संकेतस्थळाची तांत्रिक बाजू सांभाळणारा एक जण, एवढी माणसे पुरतात. मुद्रितशोधकाची जागा बहुतेक ठिकाणी रिकामी असते आणि ती उणीव पानापानावर दिसते. कामाची विभागणी कागदावर राहू नये म्हणून ती संकेतस्थळाच्या रचनेतच बसवता येते. वर्डप्रेस या प्रणालीत ‘काँट्रिब्यूटर’ म्हणून नोंद असलेल्या व्यक्तीला मसुदा लिहून तपासणीसाठी सोपवता येतो, पण तो स्वतः प्रसिद्ध करता येत नाही. तो अधिकार ‘एडिटर’कडे असतो. लेखकाने सोपवायचे आणि संपादकाने वाचल्याशिवाय काही बाहेर जायचे नाही, ही शिस्त त्यातून आपसूक पाळली जाते.

लेख मागवण्यापूर्वी मंडळाने आपले धोरण एका पानात लिहून जाहीर करावे. कोणते विषय चालतील, लेख साधारण किती शब्दांचा असावा, आधी कुठे प्रसिद्ध झालेला मजकूर घेतला जाईल का, निर्णय किती दिवसांत कळेल, नाव बदलून लिहिता येईल का, या प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. ‘कोणत्याही विषयावर लेख पाठवा’ असे आवाहन उदार वाटते, पण त्याला प्रतिसाद म्हणून पर्यावरण, मोबाइलचे दुष्परिणाम आणि आई या तीन विषयांवरचे शालेय निबंधच येतात. त्याऐवजी ‘तुमच्या गावाहून महाविद्यालयात येण्याचा रस्ता’, ‘घरातला एक बंद पडलेला व्यवसाय’ असे नेमके विषय सुचवले तर वेगळे आणि अनुभवाचे लेखन हाती लागते. काही मंडळे पूर्ण लेखाआधी शंभर-दीडशे शब्दांचे टिपण मागतात: विषय काय, कुणाशी बोलणार, काय पाहिले आहे. पंधरा पाने लिहून नकार घेण्यापेक्षा टिपणावरच दिशा मिळणे लेखकाच्याही सोयीचे.

त्यानंतर येतो मजकूर टंकित करण्याचा प्रश्न, आणि मराठी नियतकालिकांचा निम्मा वेळ इथेच खर्च होतो. छापखान्यांत आणि जुन्या संगणकांवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले मराठी फाँट हे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून बनवलेले होते. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता होऊन दिसतो. युनिकोडमध्ये हा घोटाळा नाही. त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक दशमान पद्धतीने २३२५ आणि देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ ते २४३१ असा १२८ जागांचा. फाँट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. म्हणून लेख युनिकोडमध्येच हवा, अशी अट ऑनलाइन नियतकालिकाने सुरुवातीलाच घालावी. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकणे सर्वांत टिकाऊ. तो १९८६ पासून प्रमाण म्हणून चालत आला आहे आणि सर्व प्रमुख संगणक प्रणालींत उपलब्ध आहे. मोबाइलवर आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘स्वरचक्र’ किंवा गुगलचा कळफलकही चालतो.

युनिकोड आले म्हणजे चुका संपल्या असे नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा र मराठीत आडव्या रेघेसारखा लिहिला जातो. तो नीट न टंकल्यास ‘दुसर्या’ असे रफाराचे भलतेच रूप उमटते. मराठी वाचकाला ते लगेच टोचते, तरी महाविद्यालयीन संकेतस्थळांवर ही चूक सर्रास आढळते. ‘ॲ’ या अक्षराची गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागवले जाई आणि अनेक जण अजूनही तसेच करतात. डोळ्याला दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात. त्यामुळे एका रूपातला शब्द शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपात लिहिलेला लेख सापडेलच याची खात्री नसते. बोलून टंकलेखन करणाऱ्यांनी तर लेख पाठवण्यापूर्वी तो मोठ्याने वाचावाच. यंत्र विरामचिन्हे गाळते, ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ लिहिते आणि गावांची नावे हमखास बिघडवते.

प्रत्यक्ष पाठवणी त्यामानाने सोपी. लेख वर्डच्या फाइलमध्ये किंवा गुगल डॉकमध्ये असावा, व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी नसावा. फाइलच्या नावात लेखकाचे नाव आणि विषय असावा. ‘लेख फायनल नवीन २’ या नावाच्या फाइली संपादकाकडे डझनाने असतात. सोबत दोन ओळींचा लेखक परिचय, वर्ग, संपर्क, आणि लेख स्वतःचा असून अन्यत्र पाठवलेला नाही असे निवेदन. छायाचित्रे लेखात चिकटवून न पाठवता वेगळी, मूळ आकारात पाठवावीत आणि प्रत्येकाखाली ते कुणी, कुठे, कधी काढले ते लिहावे. अठरा वर्षांखालील मुलाचे छायाचित्र किंवा माहिती असेल तर पालकांची लेखी संमती जोडावी. मंडळाच्या बाजूने एकच कर्तव्य, पण ते चुकवू नये असे: लेख मिळाल्याची पोच देणे.

निवडीसाठी प्रत्येक लेख निदान दोघांनी वाचावा आणि वाचताना लेखकाचे नाव झाकलेले असावे. वर्गमित्राचा लेख कुणाच्या वाट्याला आला तर त्याने तो दुसऱ्याकडे द्यावा. उत्तर तीनपैकी एक असते: स्वीकार, दुरुस्तीनंतर स्वीकार, किंवा नकार. मराठी साहित्यव्यवहारात ‘साभार परत’ ही नकाराची जुनी भाषा आहे. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाने मात्र तेवढ्यावर थांबू नये. लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलाला कारण न देता आलेला नकार पुढे वर्षानुवर्षे गप्प करू शकतो. लेख का घेतला नाही आणि त्यातला कोणता भाग चांगला आहे, हे चार ओळींत लिहायला दहा मिनिटे लागतात. ती द्यायलाच हवीत.

सर्वांत मोलाचे काम यानंतरचे, संपादनाचे. ते घाईत उरकले तर सारा खटाटोप फुकट जातो. उदाहरणादाखल एसटीने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा लेख घेऊ. अशा लेखाची सुरुवात बहुधा पुढील धर्तीची असते: ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात एसटीचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. ग्रामीण भागाची जीवनवाहिनी असलेली एसटी विद्यार्थ्यांसाठी वरदान ठरली आहे.’ या दोन वाक्यांत खोटे काही नाही, पण लेखकाचेही काही नाही. कुणीही ती न पाहता लिहू शकेल. संपादकाने ती खोडून स्वतः नवी लिहिली, तर लेख सुधारतो आणि लेखक होता तिथेच राहतो. त्याने समासात प्रश्न विचारावेत: तुझी गाडी किती वाजता? ती चुकली तर पुढे काय? उभ्याने यावे लागते का? दुसऱ्या खर्ड्यात मग असे काही येते: ‘पावणेसातची गाडी चुकली की पुढची साडेनऊला. पहिला तास आठचा असतो. या सत्रात बुडालेल्या तासांपैकी बहुतेक याच गाडीच्या नावावर आहेत.’ लेख इथे सुरू होतो. हे वाक्य त्या विद्यार्थ्याकडे आधीपासून होते. निबंधाच्या सवयीने ते झाकले गेले होते.

मग तथ्ये तपासायची. त्याच लेखात एसटी महाराष्ट्र राज्याबरोबर १९६० मध्ये सुरू झाली असे लिहिलेले असेल, तर ते दुरुस्त करावे लागेल. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. विद्यार्थ्यांना मासिक पासात ‘निम्मी सवलत’ मिळते असे असेल, तर तेही चुकीचे; ती ६६.६६ टक्के आहे. एखाद्या चालक-वाहकाचे म्हणणे दिले असेल तर ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने घेतले आहे का, हे विचारावे. शेवटी भाषा. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे शासनमान्य नियम आहेत: १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार. पण नियम लावताना बोलीचा गळा आवळला जाऊ नये. लेखातली आजी वऱ्हाडीत किंवा अहिराणीत बोलत असेल तर तिचे बोलणे तसेच राहावे. प्रमाणभाषेचे नियम निवेदनाला लावावेत. केलेला प्रत्येक बदल गुगल डॉकच्या सूचना पद्धतीत लेखकाला दिसला पाहिजे, आणि अंतिम खर्ड्याला त्याचा होकार असल्याशिवाय लेख पुढे जाऊ नये.

मजकूर स्वतःचा असणे ही अट सगळेच मान्य करतात आणि पाळताना चुकतात. मराठी विश्वकोशाचे खंड आणि मराठी विकिपीडिया दोन्ही एका स्पर्शावर असल्याने परिच्छेदच्या परिच्छेद उचलण्याचा मोह होतो. संशयास्पद वाक्य अवतरणचिन्हात घालून शोधले की बहुतेक उचलेगिरी उघड होते. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, परंतु तो परवानाही श्रेय देण्याची अट घालतो. स्वतःच्या नावावर खपवण्याची मुभा त्यात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या लेखांचा प्रश्न याहून अवघड आहे. असे लेखन ओळखण्याची साधने विश्वासार्ह नाहीत, म्हणून केवळ त्यांच्या निकालावर कुणावर आरोप ठेवणे अन्यायाचे आहे. लेखकाला टिपणे आणि पहिला खर्डा दाखवायला सांगावे, लेखातल्या दोन तपशिलांविषयी बोलावे. ज्याने खरोखर पाहिले-ऐकले आहे, तो बोलताना लेखात नसलेलेही सांगतो.

कायद्याची बाजू पुष्कळांना वाटते तेवढी गूढ नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेख लिहिला गेला की त्यावर लेखकाचा हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी करावी लागत नाही. विद्यार्थी महाविद्यालयाचा नोकर नसल्यामुळे त्याच्या लेखाचा हक्क त्याचाच राहतो. नियतकालिकाला केवळ प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळते. संपूर्ण हक्क घ्यायचा असल्यास लेखी व स्वाक्षरीचा करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. विद्यार्थ्यांकडून असा करार मागण्याचे काहीच कारण नाही. एका लेखी ओळीत परवानगी घ्यावी, आणि लेखकाला पुढे तो लेख पुस्तकात किंवा अन्यत्र वापरता येईल असे त्यात स्पष्ट करावे.

इतरांचे साहित्य वापरताना लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हे माप लक्षात ठेवावे. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील. समीक्षेत किंवा परीक्षणात चार ओळी उद्धृत करण्यास कायदा वाव देतो, अख्खी कविता पानावर चढवण्यास देत नाही. गुगलवर सापडलेले छायाचित्र हेही कुणाचे तरी असते. स्वतः काढलेले किंवा क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या परवान्याखाली खुले केलेले छायाचित्र, त्या परवान्याच्या अटी पाळून आणि श्रेय देऊन वापरावे. व्यक्तींविषयी लिहिताना बदनामीचा कायदा लागू होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५६ मध्ये आहे. वसतिगृहातल्या जेवणावर टीकात्मक लेख लिहिता येतो आणि लिहावाही. मात्र आरोपाला पुरावा असावा आणि ज्याच्यावर टीका आहे त्याचे म्हणणे प्रसिद्धीपूर्वी विचारलेले असावे. असा लेख केवळ अडचणीचा आहे म्हणून मार्गदर्शकांनी रोखणे, हे विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाला सर्वांत लवकर निर्जीव करते.

पानावर लेख चढवताना काही बारीकसारीक गोष्टी पाहाव्या लागतात. मथळा लेखात काय आहे ते सांगणारा असावा. ‘एक विचार’ किंवा ‘मनातलं’ असे मथळे पाहून कुणी लेख उघडत नाही. पानाची भाषा ‘मराठी’ अशी संकेतात नोंदवलेली असावी, म्हणजे फाँटमध्ये सोय असल्यास ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे दिसतात आणि अंध वाचकांसाठीची वाचन प्रणाली योग्य आवाज निवडू शकते. त्याच वाचकांसाठी प्रत्येक चित्राला एका वाक्याचे वर्णन जोडावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट विनामूल्य असून मोबाइलच्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. प्रसिद्धीआधी पान एकदा साध्या, स्वस्त फोनवर उघडून पाहावे, कारण बहुतेक वाचक तिथेच वाचणार आहेत.

प्रसिद्ध झालेल्या लेखात चूक आढळली तर ती गुपचूप बदलू नये. दुरुस्ती करून लेखाखाली काय बदलले आणि केव्हा, ते नोंदवावे. लेख मागे घेण्याची विनंतीही कधी येते. अठराव्या वर्षी घरच्या भांडणाविषयी मोकळेपणाने लिहिलेले नोकरी शोधताना नावासकट समोर येणे अनेकांना जड जाते. अशा वेळी नाव काढण्याची किंवा लेख उतरवण्याची सोय धोरणात आधीच असावी. प्रकाशनासाठी पैसे मागणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांना सावध करणेही मंडळाचे काम. ‘आंतरराष्ट्रीय जर्नल’ असे भारदस्त नाव लावून, शुल्क भरताच दोन दिवसांत काहीही छापणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. आयएसएसएन क्रमांक असणे हे दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. तो नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे, भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनाशुल्क मिळतो, आणि छापील व ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा घ्यावा लागतो.

सर्वांत दुर्लक्षित बाब जतनाची. उत्साही संपादक स्वतःच्या ईमेलवरून संकेतस्थळ उघडतो, पदवी घेऊन निघून जातो, आणि वर्षभरात नूतनीकरणाचे पैसे न भरल्याने पत्ता बंद पडतो. त्यासोबत सगळे लेख जातात. म्हणून संकेतस्थळाची नोंदणी महाविद्यालयाच्या नावे आणि पदाच्या ईमेलवर असावी, कुणाच्या खासगी खात्यावर नसावी. पासवर्ड, लेखकांच्या परवानग्या, मूळ फाइली आणि छायाचित्रे दरवर्षी जुन्या मंडळाने नव्या मंडळाच्या ताब्यात लेखी यादीसह द्यावीत. प्रत्येक सत्राअखेर सर्व लेखांची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि लेखांचे दुवे इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये नोंदवावेत. तिथे पान जतन करायला शुल्क लागत नाही, आणि मूळ संकेतस्थळ बंद झाले तरी त्या दिवशीची प्रत तारखेसह उघडून वाचता येते.